काव्यविश्लेषणात रूप, छंद आणि अलंकार यांचे स्थान : बालकवींच्या ‘औदुंबर’ कवितेच्या संदर्भात

प्रस्तावना

पदवी स्तरावर कविता शिकविताना एक अडचण वारंवार जाणवते. कवितेचा आशय, कवीचा परिचय आणि ‘काव्यसौंदर्य’ असे तीन भाग करून अध्यापन केले जाते. त्यांपैकी काव्यसौंदर्याच्या भागात वृत्ताचे नाव आणि एकदोन अलंकारांची नावे सांगितली की विषय संपला असे मानले जाते. विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत ‘या कवितेत चेतनगुणोक्ती अलंकार आला आहे’ असे एक वाक्य लिहितो आणि गुण मिळवितो. परंतु तो अलंकार तेथेच का आला, छंदाने अर्थाला काय दिले आणि कवितेची बांधणी वेगळी असती तर काय बिघडले असते, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात. नाव सांगणे म्हणजे विश्लेषण नव्हे. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक झाडाचे शास्त्रीय नाव सांगून थांबत नाही, तर मूळ, खोड, पान यांचे कार्य समजावून देतो. कवितेच्या घटकांविषयीही हीच अपेक्षा बाळगणे रास्त ठरते.

प्रस्तुत लेखात बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेच्या आधारे रूप, छंद आणि अलंकार या तीन घटकांचे परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. ही कविता निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे ती अवघ्या आठ ओळींची आहे, त्यामुळे तिचा प्रत्येक घटक तपासून पाहता येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही कविता म्हणजे केवळ निसर्गचित्र आहे, की तिच्यात मृत्यूचे अथवा विरक्तीचे प्रतीक आहे, याविषयी मराठी समीक्षेत दीर्घकाळ चर्चा झाली आहे. ही चर्चा बहुधा आशयाच्या अंगाने होते. रचनेची साक्ष या वादात घेतली तर काय हाती लागते, हे पाहणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. वाचकांजवळ कवितेची छापील प्रत असावी, एवढी अपेक्षा आहे.

कवी आणि परंपरा

त्र्यंबक बापूजी ठोंबरे उर्फ बालकवी यांचा जन्म १८९० मध्ये खानदेशातील धरणगाव येथे झाला. जळगाव येथे १९०७ मध्ये भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय २८ वर्षेही पूर्ण झालेले नव्हते. केशवसुतांनी आधुनिक मराठी कवितेला जी दिशा दिली, तिच्या पुढच्या पिढीतील हे एक ठळक नाव होय.

या काळातील कवींपुढे रचनेचे तीन मार्ग होते. पंडित कवींकडून आलेली अक्षरगणवृत्ते, संतकवींकडून आलेले अभंग-ओवी हे अक्षरछंद आणि पदांमधून व लोकगीतांमधून आलेली मात्रांची रचना. माधव त्रिंबक पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात (पहिली आवृत्ती १९२७, वाढविलेली आवृत्ती १९३७) या रचनांची वृत्त, छंद आणि जाती अशी शास्त्रशुद्ध मांडणी केली. वृत्तात प्रत्येक स्थानी लघू येणार की गुरू हे ठरलेले असते. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरांचा क्रम जराही बदलता येत नाही. छंदात अक्षरसंख्या महत्त्वाची असते. जातीत मात्र मात्रांची बेरीज आणि तिचे आवर्तन ठरलेले असते. त्या मर्यादेत लघुगुरूंचा क्रम कवी आपल्या गरजेनुसार योजू शकतो. ‘औदुंबर’ ही कविता जातिरचनेत आहे. म्हणजेच नियम आणि मोकळीक या दोहोंचा वापर कवीने कसा केला, हे तपासण्यास येथे वाव आहे.

मात्रागणनेचे नियम

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी मात्रागणनेचे नियम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेले अक्षर लघू असते व त्याची एक मात्रा धरतात. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ हे स्वर असलेले अक्षर, तसेच उच्चारित अनुस्वार वा विसर्ग असलेले अक्षर गुरू असते व त्याच्या दोन मात्रा धरतात. जोडाक्षरापूर्वीच्या लघू अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू मानतात.

यातील ‘आघात येत असेल तर’ ही अट मराठीत फार महत्त्वाची आहे. ‘पुण्याचा’ हा शब्द पुणे शहराविषयी असेल तर पहिले अक्षर लघू राहते आणि पाप-पुण्यातील पुण्याविषयी असेल तर तेच अक्षर गुरू होते. लेखन एकच, उच्चार दोन आणि म्हणून मात्राही दोन प्रकारच्या. ‘औदुंबर’ कवितेच्या सहाव्या ओळीच्या आरंभीच्या ‘हिरव्या’ या शब्दात ‘र’ वर आघात येत नाही. म्हणून त्या शब्दाच्या चार मात्रा होतात. डोळ्यांनी मोजणारा विद्यार्थी येथे पाच मात्रा मोजतो आणि ‘कवीने वृत्तभंग केला’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. मात्रागणना ही कानाने करावयाची गोष्ट आहे, हे त्याला याच ठिकाणी पटवून देता येते.

आणखी एक नियम पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा लागेल. चरणाच्या अंती आलेले लघू अक्षर गरजेनुसार गुरू मानले जाते, कारण तेथे उच्चार लांबविता येतो.

छंदाचे माप

या नियमांनी मोजले असता कवितेच्या प्रत्येक चरणात २७ मात्रा भरतात. त्यांची विभागणी ८ + ८ + ८ + ३ अशी आहे. आठ मात्रांची तीन पूर्ण आवर्तने आणि चौथ्या आवर्तनाचा केवळ आरंभ असे याचे स्वरूप आहे. चौथे आवर्तन तीन मात्रांवर थांबते. उरलेल्या पाच मात्रांची जागा वाचणाऱ्याच्या विरामाने भरून निघते. पाण्याच्या तीन लाटा पूर्ण येऊन चौथी काठाशीच विरावी, तशी ही चाल आहे.

शेवटच्या तीन मात्रांची घडण सर्व चरणांत एकसारखी आहे. लघू आणि त्यानंतर गुरू असा तेथील क्रम आहे. मधल्या चार चरणांच्या अखेरीस ‘कडे’, ‘पुढे’, ‘पडे’ आणि पुन्हा ‘कडे’ आहे. तेथे गुरू अक्षर उघडच दिसते. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन चरणांत मात्र अंती दोन लघू अक्षरे आहेत आणि त्यांतील अखेरचे अक्षर वर सांगितलेल्या नियमाने गुरू होते. पहिल्या द्विपदीतील ‘उन’ आणि ‘तुन’ हे शेवट याच कारणाने ऱ्हस्व उकाराने छापले जातात. आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे तेथे दीर्घ ऊकार लिहिला तरी मात्रांची बेरीज २७ च राहते. परंतु लघू-गुरू हा क्रम उलटून गुरू-लघू होतो आणि आठही चरणांच्या अंताची एकरूपता मोडते. कवितेचे पुनर्मुद्रण करताना लेखन ‘शुद्ध’ करण्याचा मोह का टाळावा, याचे हे एक नेमके उदाहरण आहे.

आवर्तनाची सीमा आणि शब्दाची सीमा

मात्रा २७ भरल्या, एवढ्यावर सर्वसाधारणपणे वृत्तचर्चा थांबते. खरी उपयुक्त पायरी त्यानंतरची आहे. आठव्या आणि सोळाव्या मात्रेवर शब्द संपतो की शब्दाच्या मधूनच आवर्तनाची सीमा जाते, हे पाहणे ती पायरी होय.

आठ चरणांपैकी सहा चरणांत आठव्या मात्रेवर शब्द पूर्ण होतो आणि सोळाव्या मात्रेवरही पूर्ण होतो. अपवाद फक्त पाचव्या आणि सहाव्या चरणांचा. पाचव्या चरणाचा पहिला शब्द ‘पायवाट’ हा सहा मात्रांचा आहे. त्यापुढे वाटेचा पांढरा रंग सांगणारे विशेषण पाच मात्रांचे आहे. त्याच्या पहिल्याच गुरू अक्षरावर आठवी मात्रा संपते आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. सहाव्या चरणात चार मात्रांच्या शब्दानंतर सात मात्रांचा शब्द येतो आणि तोही आठव्या मात्रेवर दुभंगतो. फरक इतकाच, की तेथे दुभंग नाम आणि त्याला लागलेले शब्दयोगी यांच्या सांध्यावर पडतो. दोन्ही चरणांत सोळा मात्रांची वाटणी ८ + ८ ऐवजी ११ + ५ अशी होते. सोळाव्या मात्रेवर मात्र दोन्ही चरण पुन्हा सावरतात.

(चोविसाव्या मात्रेवर शब्द संपावा असा आग्रह या कवितेत नाही. आठांपैकी केवळ दोन चरणांत तेथे स्वतंत्र शब्द सुरू होतो. म्हणून येथे पहिल्या दोन सीमांचाच विचार केला आहे.)

आता या दोन चरणांचा विषय काय आहे, हे पाहावे. शेतांमधून वेडीवाकडी निघालेली आणि कुरणे ओलांडून डोहाकडे गेलेली पायवाट हाच तो विषय. संपूर्ण कवितेत सरळ न जाणारी वस्तू ही एकच आहे आणि छंदाच्या सरळ आखणीला ओलांडणारे चरणही नेमके तेच आहेत. मोठ्याने वाचताना येथे जीभ किंचित अडखळते, वळण घेते आणि पुढे जाते.

यावर एक आक्षेप संभवतो. शब्द मात्रांत बसविताना अशी ओढाताण होतेच. तिला अर्थ चिकटविणे ही समीक्षकाची हौस नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. एकट्या या निरीक्षणावर कोणताही निष्कर्ष उभारू नये. कवीने हे जाणूनबुजून केले, असाही दावा येथे नाही. परंतु रूपाचे अन्य घटकही याच ठिकाणी वळण घेत असतील, तर या निरीक्षणाचे वजन वाढते. म्हणून आता त्या घटकांकडे वळावयाचे आहे.

यमक, क्रियापदे आणि वाक्यरचना

आठ ओळींच्या चार द्विपद्या होतात. पहिली झऱ्याची, दुसरी गाव आणि शेतांची, तिसरी पायवाटेची आणि चौथी डोह व औदुंबराची. यमकांची योजना मात्र अ अ, ब ब, ब ब, क क अशी आहे. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या द्विपदीला एकाच ध्वनीने बांधले आहे. गावातून निघणारी वाट जशी गावाला डोहाशी जोडते, तसे हे यमक मधल्या दोन द्विपद्यांना जोडते. तिसऱ्या आणि सहाव्या चरणाच्या अंती ‘कडे’ हा दिशावाचक शब्दच येतो. पहिला टेकडीची दिशा दाखवितो, तर दुसरा डोहाची. मधल्या चारही चरणांचा शेवट उघड्या एकारात होतो. आरंभीची द्विपदी ‘न’ वर आणि अखेरची ‘र’ वर मिटते. बंद, उघडे, उघडे, बंद असे हे ध्वनिचित्र आहे.

क्रियापदांचा क्रमही सूचक आहे. झरा वाहतो, शेतांची गर्दी लागते, वाट पडते व चालत जाते, काळिमा पसरतो आणि शेवटी झाड ‘बसलेले’ असते. वाहण्यापासून बसण्यापर्यंत गती हळूहळू ओसरत जाते. गतीची शेवटची क्रिया सहाव्या चरणात आहे, म्हणजे जेथे वाट संपते तेथेच. सातव्या चरणातील पसरणे ही जागच्या जागी होणारी क्रिया आहे.

वाक्यरचनेच्या दृष्टीने शेवटची द्विपदी विशेष लक्षणीय आहे. मराठीत कर्ता सामान्यतः वाक्याच्या आरंभी येतो. येथे जळ झाकोळले जाते, काळिमा पसरतो, पाय पाण्यात सोडले जातात, कोणीतरी बसलेले असते. पण हे सर्व करणारा कोण, ते कवितेच्या अगदी अखेरच्या शब्दापर्यंत सांगितले जात नाही. तो अखेरचा शब्द म्हणजे ‘औदुंबर’. शिवाय ‘पसरी’ हे क्रियापद दोन्ही अंगांनी घेता येते. काळिमा आपोआप पसरतो असाही अर्थ होतो आणि झाड तो पसरविते असाही. कर्त्याचे नाव रोखून धरल्यामुळे ही संदिग्धता शेवटपर्यंत टिकते.

अखेरच्या चरणात ‘बसला’ आणि ‘असला’ या दोन शब्दांचे अंतर्यमक साधले आहे. पहिला शब्द सोळाव्या मात्रेवर संपतो आणि दुसरा सतराव्या मात्रेवर सुरू होतो. आवर्तनाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच ध्वनी आल्यामुळे तेथे क्षणभर थांबल्यासारखे होते. पायवाटेच्या चरणांत शब्द सीमा ओलांडून जात होते. येथे ते सीमेच्या दोन अंगांना शांतपणे बसतात.

रंग, स्थलवाचक शब्द आणि अलंकार

कवितेतील रंगांचा क्रम असा आहे : हिरवा, निळसर-सावळा, पुन्हा हिरवा, पांढरा, तिसऱ्यांदा हिरवा आणि त्याच चरणात काळा, त्यानंतर काळिमा. शेवटच्या चरणात एकही रंग नाही. हिरवा आणि काळा हे दोन रंग एकाच चरणात समोरासमोर येतात तो चरण सहावा आहे. छंदाची ओढ, गतीचा शेवट आणि रंगांचे वळण या तिन्ही गोष्टी येथे जवळजवळ एकाच ठिकाणी घडतात. वर उल्लेखिलेल्या आक्षेपाचे उत्तर या एकत्र येण्यात आहे.

‘काळिमा’ या शब्दाला व्यवहारात कलंकाची छटा आहे. त्याला कवीने ‘गोड’ हे विशेषण दिले आहे. येथे विरोधाभास तर आहेच, शिवाय रंगाला रुचीचे विशेषण देऊन एका इंद्रियाचा अनुभव दुसऱ्या इंद्रियाच्या भाषेत सांगितला आहे.

चेतनगुणोक्ती शेवटच्या चरणात आहे, हे सर्वज्ञात आहे. परंतु तिच्याखाली स्वभावोक्तीही आहे. उंबराचे झाड ओढ्यानाल्यांच्या काठी सहज वाढते आणि त्याची मुळे पाण्यापर्यंत जातात. म्हणजे या प्रतिमेला प्रत्यक्ष निरीक्षणाचा आधार आहे. पाय पाण्यात सोडून बसणे ही खेळकर मुलाची लकब आहे, तशीच ती नदीकाठच्या साधकाची बैठकही होऊ शकते. दत्तसंप्रदायात औदुंबर पवित्र मानला जातो, हा सांस्कृतिक संदर्भ दुसऱ्या छटेला बळ देतो. ‘उंबर’ हा नित्याचा शब्द टाळून ‘औदुंबर’ हे संस्कृत रूप योजल्याने ती छटा अधिक गडद होते.

आणखी एक गोष्ट. या कवितेत ‘मी’ नाही. तरीही पाहणारा कोणीतरी आहे, कारण ‘ऐल’ आणि ‘पैल’ हे शब्द पाहणाऱ्याच्या जागेवाचून निरर्थक ठरतात. ‘असला’ हा शब्दही बोट दाखवून उच्चारावा असा आहे. पहिल्या चरणातील दोन्ही तीरांकडे पाहणारी नजर शेवटच्या चरणात एका जागी स्थिरावते. कवितेतील खरा प्रवास तिचाच आहे.

अर्थनिर्णय आणि रचनेची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. रचनेच्या साक्षीवरून ‘औदुंबर म्हणजे मृत्यू’ हे सिद्ध होत नाही. छंद, यमक वा क्रियापद कोणत्याही प्रतीकाचे नाव सांगत नाही. ते सांगते असे मानणे ही अतिव्याप्ती होईल. परंतु रचना दोन गोष्टी निश्चितपणे नाकारते. पहिली गोष्ट म्हणजे ही कविता निसर्गातील वस्तूंची केवळ यादी नाही. यादीतील ओळींचा क्रम बदलता येतो; येथे एकही द्विपदी हलविता येत नाही, कारण गती, रंग आणि यमक या तिघांना एकच दिशा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे डोहाचा काळेपणा भीषण नाही. अस्वस्थता पायवाटेच्या चरणांत आहे. डोहापाशी पोहोचल्यावर छंद पुन्हा स्थिर होतो आणि काळिमा गोड होतो. म्हणून शेवटच्या स्थितीला मृत्यू म्हणावे, समाधी म्हणावे की निव्वळ विसावा, हे वाचकाने ठरवावे. पण ती स्थिती भयाची आहे असे म्हणण्यास रचनेत आधार नाही. मार्गदर्शक पुस्तिकांतील ‘ही कविता मृत्यूचे प्रतीक आहे’ हे तयार वाक्य स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने ही साक्ष तपासावी, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

अध्यापनविषयक सूचना

वरील विवेचनावरून वर्गात पुढील क्रम अवलंबिता येईल. (१) प्रथम कवितेचे दोनदा मोठ्याने वाचन करावे आणि टाळीने आवर्तने दाखवावीत. (२) मात्रा फळ्यावर मांडाव्यात. गणना आणि उच्चार यांत विरोध आल्यास उच्चार प्रमाण मानावा. (३) शब्द आणि आवर्तन यांच्या सीमा जेथे जुळत नाहीत तेथे खूण करावी. (४) यमके, क्रियापदे आणि रंग यांचे स्वतंत्र स्तंभ करून ते शेजारी शेजारी ठेवावेत. (५) अनेक घटक एकाच ठिकाणी बदलत असतील तर तेथे कवितेचे वळण आहे, असे गृहीत धरून अर्थाचा प्रश्न विचारावा. (६) अलंकाराचे नाव सर्वांत शेवटी सांगावे. आठ ओळींच्या कवितेसाठी या कामास दोन तासिका पुरतात. मुक्तछंदातील कवितेलाही पहिल्या तीन पायऱ्या थोड्या बदलून हा क्रम लागू करता येईल. तेथे मात्रांऐवजी ओळ कोठे तोडली आहे, हे पाहावे लागेल.

समारोप

रूप, छंद आणि अलंकार हे आशयावर चढविलेले दागिने आहेत, ही समजूत अभ्यासक्रमाच्या विभागणीमुळे नकळत दृढ होते. ‘औदुंबर’च्या विश्लेषणातून असे दिसते, की २७ मात्रांची आखणी, तिचे दोनच चरणांतील उल्लंघन, मधल्या द्विपद्यांना सांधणारे यमक आणि अखेरपर्यंत रोखलेला कर्ता यांनीच त्या कवितेचा अर्थ घडविला आहे. मात्रा मोजण्याचे कौशल्य वर्गातून नाहीसे झाले तर कवितेविषयी बोलण्यास केवळ मते उरतील. मतांना पुरावा देण्याचे साधन उरणार नाही. ते साधन पुढच्या पिढीच्या हाती देणे ही मराठीच्या अध्यापकांची जबाबदारी होय.